क्रीम कॉर्नमधलं क्रीम येतं कुठून?

या वेळी मक्याबद्दलच इतके प्रश्न आलेत की सगळं सदर त्यालाच देतेय. बाकीच्यांनी प्लीज थोडं थांबा, तुमची उत्तरं पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत अटलांटाला असते. मागच्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो तेव्हा थँक्सगिव्हिंगला तिच्या शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं, तिथे क्रीम्ड कॉर्न नावाचा प्रकार होता, पिवळाधमक, दाट, गोडसर, चमच्याने खायचा. ह्यांना इतका आवडला की परत मागून घेतला. इथे आल्यावर मी स्वीटकॉर्नचे दाणे उकडले आणि त्यात फ्रेश क्रीमचं पाकीट ओतलं पण दाणे वेगळे आणि पांढरं पाणी वेगळं असं झालं. आणि ह्यांना दूध पचत नाही, तरी तिथे काहीच त्रास झाला नाही. हे नक्की असतं काय आणि करतात कसं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे बघा. ह्यांना त्रास झाला नाही कारण त्यात दूध किंवा क्रीम नसण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत क्रीम स्टाइल कॉर्नचा डबा मिळतो, त्याच्या लेबलवर बहुतेक वेळा मका, पाणी, साखर, मीठ आणि मक्याचाच स्टार्च एवढंच लिहिलेलं असतं. घरी करणारे लोक बटर, दूध, क्रीम घालतात, काही जण तर क्रीम चीजसुद्धा घालतात, पण ती वरची श्रीमंती झाली, पदार्थ त्याच्यावर उभा नाहीये. दाटपणा येतो तो कणसाच्या दाण्यातून. कोवळा दाणा नखाने फोडला की जो पांढरा चीक उडतो ना, तेच ते क्रीम. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आता तुम्ही दाणे अख्खे उकडलेत. म्हणजे काय झालं, चीक सगळा सालीच्या आत शिजून घट्ट बसला, बाहेर आलाच नाही, आणि बाहेर राहिलं नुसतं पाणी आणि क्रीम. क्रीम तर गरम झालं की उलट पातळ होतं, त्याच्याकडून दाटपणाची अपेक्षाच करायला नको.

हे कणीस खरवडायचं तंत्र अमेरिकेतल्या मूळ लोकांकडचं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या भागातले सेनेका वगैरे इरोक्वा लोक हिरवं, म्हणजे कोवळं कणीस हरणाच्या जबड्याच्या हाडाने खरवडायचे, जबड्यातले दात तसेच ठेवून, म्हणजे किसणी आणि खरवडणी दोन्ही कामं एकाच हाडात. आजही जॉर्जिया, केंटकी या दक्षिणेकडच्या राज्यांत जुन्या बायका सुरीने तेच करतात. तुम्ही अटलांटाला खाल्लंत म्हणजे त्याच भागात खाल्लंत. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, शाकाहारी असाल तर त्या बाजूला विचारल्याशिवाय खाऊ नका, कारण तिकडे हा मका बेकनच्या म्हणजे डुकराच्या चरबीत परतायची खूप जुनी पद्धत आहे आणि दिसायला काहीही कळत नाही.

घरी करताना मोठी परात घ्या, कणीस तिच्यात उभं धरा, बूड खाली टेकवून. धारदार सुरीने वरून खाली दाणे कापायचे पण मुळापासून नाही, फक्त वरचा अर्धा दाणा कापला गेला पाहिजे. एक फेरी झाली की कणसावर अर्धे कापलेले दाणे उघडे दिसतात, छोट्या छोट्या वाट्या उघड्या पडल्यासारखे. आता सुरी उलटी करायची आणि तिच्या बोथट बाजूने दाबत दाबत वरून खाली ओढायचं. फटाफट चीक बाहेर येतो, घट्ट, फिकट पिवळा, त्यात दाण्याचे कोंभही येतात आणि खरी चव त्या कोंभातच असते. साली बऱ्याचशा बुरकुंडालाच चिकटून राहतात हा दुसरा फायदा. चीक हातावर, भिंतीवर, चष्म्यावर सगळीकडे उडतो, त्यामुळे परात खोलच घ्या. सुरीची भीती वाटत असेल तर सरळ किसणीच्या जाड बाजूवर किसा, चालतं.

चार मध्यम कणसांना एक मोठा चमचा बटर, अर्धी वाटी पाणी, पाव चमचा मीठ. ह्यांच्यासाठी बटरऐवजी तेल घ्या, काही बिघडत नाही. जाड बुडाच्या कढईत बटर वितळलं की मका चिकासकट घाला, पाणी घाला आणि मंद गॅसवर आठ-दहा मिनिटं हलवत रहा, सोडून जाऊ नका कारण हे बुडाला फार पटकन लागतं आणि एकदा करपलं की तो वास सगळ्याला लागतो. वरून मिरपूड. साखर आधी घालू नका, चव बघून मगच.

पण एक अडचण येणार आणि ती आधीच सांगते. आपल्याकडे बाजारात जी अमेरिकन स्वीटकॉर्न म्हणून मिळते ती बहुतेक सुपरस्वीट प्रकारची असते. गोड मक्याचे मुख्य दोन प्रकार धरून चाला. जुन्या प्रकारात एक जीन बदललेला असतो त्यामुळे दाण्यात साखर तर वाढतेच, शिवाय फायटोग्लायकोजेन नावाचा एक पदार्थ भरपूर तयार होतो, तो स्टार्चच्याच कुळातला पण पाण्यात विरघळणारा, आणि त्यानेच चीक मुलायम आणि दाट होतो. नंतर १९५३ मधे इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी दुसऱ्या एका जीनबद्दल लिहिलं, त्याने दाणा कितीतरी जास्त गोड होतो आणि तोडल्यावर गोडवा टिकतोही बरेच दिवस. व्यापाऱ्याला आणि लांबच्या गिऱ्हाइकाला दोघांनाही हे सोयीचं, म्हणून सुपरस्वीट जाती जगभर पसरल्या. फक्त त्या दाण्यात फायटोग्लायकोजेन जवळजवळ नसतं. दाणा कुरकुरीत, रस गोड पण पाणीदार. म्हणजे नुसता खायला, वाफवून मीठ-तिखट-लिंबू लावायला हा मका मस्तच, पण क्रीम कॉर्नला हा आपणहून दाट होत नाही. इथे तुमचा काही दोष नाही, मक्याची जातच तशी आहे.

त्यामुळे आपल्याकडच्या मक्याला थोडा आधार द्यावा लागतो. खरवडलेल्या मक्यातला साधारण एक तृतीयांश मिक्सरला फिरवून घ्या, परत कढईत घाला, आणि दोन छोटे चमचे कॉर्नफ्लॉवर दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवून शेवटी घाला. घातल्यावर एक उकळी पूर्ण येऊ द्या, मिनिटभर खळखळू द्या, नाहीतर पिठूळ चव राहते. आणि कढईत थोडं पातळ वाटतं तेव्हाच गॅस बंद करा कारण गार होताना ते आणखी घट्ट होतं.

प्रश्न : स्वीटकॉर्न सूपच्या बऱ्याच रेसिपींमधे क्रीम स्टाइल कॉर्नचा एक डबा घाला असं असतं. आमच्या इथे तो डबा सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग पडतो. घरी करून घातलं तर चालेल का? आणि कॉर्नफ्लॉवर संपलं असेल तर मक्याचं पीठ चालतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल काय, छान लागेल. चायनीज हॉटेलातलं ते पिवळं दाट सूप याच डब्यावर चालतं, जपानमधलं कॉर्न पोटाज नावाचं दुधाळ सूपसुद्धा पुष्कळ घरांत याच डब्यातून होतं. अमेरिकन डबा साधारण ४१८ ग्रॅमचा असतो, म्हणजे मापाच्या कपाने पावणेदोन कप. वर सांगितलेल्या पद्धतीने तीन कणसांचं करा, तेवढं भरतं. सूपसाठी करताना बटर घालू नका आणि मिक्सरला निम्मा मका फिरवा.

एक लक्षात ठेवा, घरच्या मिश्रणात तुम्ही कॉर्नफ्लॉवर आधीच घातलंय, त्यामुळे सूपच्या रेसिपीत लिहिलेलं सगळं कॉर्नफ्लॉवर परत घालू नका, आधी निम्मं घाला, उकळी आणा, मग बघा. आणि दाट झालेलं सूप तासभर उकळत ठेवू नका. कॉर्नफ्लॉवरचा दाटपणा जास्त उकळून आणि जास्त ढवळून मोडतो, सूप परत पातळ होतं आणि मग लोक अजून कॉर्नफ्लॉवर घालतात आणि शेवटी सूपला मक्याची चवच राहत नाही.

मक्याचं पीठ नको. ते अख्खा मका दळून केलेलं असतं, सालासकट, ते कितीही शिजवलं तरी जिभेला रवाळ लागतं आणि सूप गढूळ दिसतं. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्यातला नुसता स्टार्च, पांढरा, बोटांत कुरकुरणारा. अमेरिकेतल्या वाचकांसाठी सांगते, तुमच्याकडच्या दुकानात हेच कॉर्नस्टार्च नावाने मिळतं, तिथे कॉर्न फ्लावर मागितलंत तर मक्याचं पीठ हातात येईल. दोन्ही नसेल तर एक छोटा बटाटा उकडून मक्याबरोबर मिक्सरला फिरवा, तेही बरं काम करतं, चमक मात्र येत नाही.

प्रश्न : आमच्या शेतात साधा मका असतो, स्वीटकॉर्न नाही. त्याच्या कोवळ्या कणसांचं हे क्रीम कॉर्न होईल का, की विकतचीच कणसं आणावी लागतील? – एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : होईल, पण वेळ साधावी लागेल. साध्या मक्यात दाणा दुधाळ असतो तो काळ फार थोडा, जेमतेम काही दिवसांचा. कणसाला स्त्रीकेसर म्हणजे त्या रेशमी शेंड्या बाहेर आल्यावर साधारण विसाव्या दिवसाच्या आसपास रोज बघायला लागा. शेंड्या तपकिरी होऊन वाळायला लागलेल्या असतात पण पानं हिरवीगार असतात, तेव्हा एका कणसाचं पान थोडं बाजूला करून मधल्या दाण्याला नख लावायचं. पाण्यासारखा निवळ रस आला तर थांबा. दुधासारखा पांढरा आला तर त्याच दिवशी तोडा. नख लावल्यावर पीठच हाताला लागलं तर वेळ गेली, मग ती कणसं भाजून खायची. तोडाल ती सकाळी गारव्यात तोडा आणि लगेच करा, कारण तोडल्याबरोबर दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उन्हात तर ते फारच झपाट्याने होतं, दुपारपर्यंत पोतं उन्हात राहिलं तर संध्याकाळी चवीत फरक कळतो.

साध्या मक्यात स्टार्च भरपूर, त्यामुळे याला कॉर्नफ्लॉवर अजिबात लागत नाही, उलट पाणी जास्त लागेल, जवळजवळ दीडपट, आणि साखरही थोडी घालावी लागेल. नाहीतर पिठल्यासारखा गोळा होतो.

पण मनापासून सांगू का, तुमच्याकडे इतका ताजा साधा मका आहे तर त्याचा कीस करा. इंदूरचा भुट्ट्याचा कीस. तिथल्या सराफ्यात रात्री दुकानं बंद झाली की खाऊगल्ली लागते तिथे मोठ्या कढईत हा मिळतो, आणि इंदूरच्या मराठी घरांत तर तो पावसाळ्यात होणारच. हे खरं म्हणजे क्रीम कॉर्नचं सख्खं भावंड आहे, कणीस किसायचं, चीक वाया जाऊ द्यायचा नाही आणि मंद आचेवर शिजवायचं, सुरुवात अगदी तीच. फक्त अमेरिकन बाई ते सैलसर असतानाच उतरवते आणि इंदूरची बाई तूप सुटेपर्यंत परतते. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, मग किसलेला मका, आणि इथे घाई करायची नाही, कच्चा वास जाऊन रंग खमंग पिवळा होईपर्यंत परतायचं, त्यानंतरच दूध घालायचं, थोडं थोडं, आटत जाईल तसं. शेवटी मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, खोबरं, कोथिंबीर. स्वीटकॉर्नचा कीस गिळगिळीत आणि नको तेवढा गोड होतो. कीस करावा तो साध्या मक्याचाच, या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

प्रश्न : सीझनमधे कणसं स्वस्त असतात तेव्हा जास्त क्रीम कॉर्न करून काचेच्या बरण्यांत भरून, बरण्या प्रेशर कुकरमधे चार-पाच शिट्ट्या देऊन वर्षभर ठेवता येईल का? आंब्याचा रस आम्ही असाच टिकवतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. प्लीज करू नका. हे उत्तर जरा सविस्तर देते कारण यात जिवाशी गाठ आहे.

आंब्याचा रस आंबट असतो, आंबटपणात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू वाढू शकत नाही. मक्यात आंबटपणा नाही. या जंतूचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात तासन् तास टिकतात आणि बंद बरणीत, जिथे हवा नाही, तिथे ते आरामात वाढून विष तयार करतात. त्या विषाने माणसाचा श्वास बंद पडू शकतो, आणि बरणीला वास येईलच, फेस दिसेलच असं काही नाही.

त्यात क्रीम कॉर्न हा सगळ्यात अवघड प्रकार. दाणे पाण्यात असले तर आतलं पाणी गरम होऊन वर-खाली फिरतं आणि उष्णता सगळीकडे पोचते, पण दाट मिश्रण फिरत नाही, उष्णता कडेकडून आत झिरपत जाते आणि बरणीचा मध्य शेवटपर्यंत गार राहतो. हे कारखानदारांनाही फार महागात पडून कळलं. अमेरिकेतल्या मेन राज्यात मका डब्यात भरायचा मोठा धंदा होता, आयझॅक विन्स्लो यांनी तिथेच त्याचे प्रयोग केले आणि १८६२ मधे त्याचं पेटंट मिळालं. पण पुढेही डबे आंबून खराब होतच राहायचे आणि का होतात ते कळत नव्हतं. मग एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतले सॅम्युअल प्रेस्कॉट आणि डबाबंद माल बनवणाऱ्या घराण्यातले विल्यम अंडरवुड या दोघांनी मिळून त्याचा अभ्यास केला, १८९८ मधे खास मक्याच्या आंबण्यावर लेख लिहिला, आणि दाखवून दिलं की उष्णतेला दाद न देणारे जंतू डब्यात जिवंत राहतात कारण डब्याच्या मधोमध पुरेशी उष्णता पुरेसा वेळ पोचतच नाही. आज आपण कुठलाही डबाबंद पदार्थ निर्धास्त खातो त्याच्यामागे या दोघांचं काम आहे.

आजही अमेरिकन कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे क्रीम स्टाइल कॉर्न घरी टिकवायचं तर खास प्रेशर कॅनर म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं भांडं लागतं, बरणी पाइंटची म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा लहान, आणि दाबाखाली पूर्ण ८५ मिनिटं, उंचावर राहत असाल तर दाब अजून वाढवायचा. मोठ्या बरणीसाठी तर त्यांनी वेळच दिलेली नाही कारण मध्य तापायची खात्री नाही. आपला कुकर झटपट तापतो, झटपट निवतो, आणि शिट्ट्या मोजून आतलं तापमान किती वेळ टिकलं ते कळत नाही. चार-पाच शिट्ट्यांत बरणीचा मध्य नीट कढतसुद्धा नसेल.

त्यापेक्षा फ्रीजरमधे ठेवा. कॉर्नफ्लॉवर न घालता शिजवा, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत लवकर निववा, झिपच्या पिशव्यांत एका वेळेपुरतं भरून चपट्या करून आडव्या ठेवा म्हणजे पटकन गोठतात आणि जागाही कमी लागते. सहा महिने छान राहतं. काढून गरम करताना कॉर्नफ्लॉवर लावा, आधी लावलेलं असेल तर वितळल्यावर पाणी सुटतं. लाईट खूप वेळ गेली आणि पिशव्या पूर्ण वितळून कोमट झाल्या तर परत गोठवू नका, टाकून द्या.

प्रश्न : मला डायबेटिस आहे. स्वीटकॉर्न ही भाजीच आहे ना, मग चालेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताटात भाजीच्या जागी नका धरू, भाताच्या किंवा पोळीच्या जागी धरा. म्हणजे हे खाल्लंत तर त्या जेवणात तेवढा भात कमी. डब्यातल्यात वरून साखर असते, घरच्यात टाळता येते. किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीला असते. पॅन्ट्रीत क्रीम स्टाइल कॉर्नचे डबे पडलेत, डेट दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेलीय. टाकून देऊ का? आणि चवीला ते फारच गोडमिट्ट लागतं, त्याचं काय करू? – एक वाचक

उत्तर : डब्यावरची ती तारीख साधारणपणे चव उत्तम राहण्याची असते, दोन महिन्यांनी काही होत नाही. डबा फुगलेला असेल, गळत असेल, खोल गंजलेला असेल किंवा शिवणीवर चेमटला असेल तर मात्र न उघडता टाका, चव बघायच्या फंदात पडू नका. चांगला असेल तर उघडल्यावर उरलेलं डब्यात ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमधे, तीन-चार दिवसांत संपवा.

गोडावर उपाय म्हणजे आपली फोडणी. चमचाभर तुपात जिरं, भरपूर आलं-हिरवी मिरची ठेचून, त्यात मूठभर फ्रोझन मक्याचे दाणे चांगले डाग पडेपर्यंत परता, मग डबा ओता, मीठ, मिरपूड, वरून लिंबू. साखर घातलेल्या डब्याला आंबट आणि तिखट दोन्ही लागतंच, आणि दाणे भाजलेले असले की तो डब्याचा वासही जातो. ज्वारीची भाकरी मिळाली तर तिच्याबरोबर खा, नाहीतर टोस्टवर जाडसर पसरून वर चीज किसून ओव्हनमधे ठेवा, मुलं मागून मागून खातील.